बंद फाटक आणि शेजारधर्म

शहराचा कचरा डेपो आठवड्यातून सात दिवस उघडा असावा की पाच? वरवर पाहता हा नगरपालिकेच्या कारभाराचा प्रश्न आहे. यंत्रे, डिझेल व मजुरी यांचा हिशेब मांडला की तो सुटावा. परंतु डेपोच्या फाटकाबाहेर एक गाव राहत असते. आपल्या दारातील घाण त्या गावाच्या दारात टाकण्याचा अधिकार शहराला मुळात किती, हा या हिशेबामागचा खरा प्रश्न आहे आणि तो नीतीचा आहे.

गावाचे गाऱ्हाणे काल्पनिक नाही. ढिगाखाली ओला कचरा हवेवाचून कुजतो. त्यातून निघणारा मिथेन वायू पेट घेऊ शकतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे होते आणि विहिरींपर्यंत पोचू शकते. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. एप्रिल २०१७मध्ये तेथील डेपोला आग लागली, तेव्हा त्यांनी सुमारे तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. अशा एखाद्या गावाने आठवड्यातून दोन दिवस मोकळा श्वास मागितला, तर ती मागणी अवास्तव कशी म्हणावी?

तथापि फाटक बंद केल्याने कचरा कमी होत नाही. तो वाटेत थांबतो, इतकेच. सात दिवसांचा भार पाच दिवसांत येऊ लागला, तर त्या पाच दिवसांत गाड्यांची रांग वाढते. ज्याला थांबणे परवडत नाही, तो अंधारात ओढ्याच्या काठी गाडी रिकामी करतो, आणि त्या काठी बहुधा झोपड्याच असतात. डेपोवर भंगार वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांची दोन दिवसांची कमाई बुडते, ती वेगळीच. एका दुर्बलाच्या डोक्यावरचे ओझे उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि कचरा करणाऱ्याने मात्र मोकळे राहायचे, याला न्याय म्हणता येणार नाही.

मग फाटक उघडेच ठेवावे काय? केरळमधील अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तिरुवनंतपुरम शहराचा कचरा विलप्पिलशाला या गावातील प्रकल्पात जात असे. डिसेंबर २०११मध्ये तेथील पंचायतीने प्रकल्पाला कुलूप लावले. शहरात कचऱ्याचे ढीग साचले. पोलिस बंदोबस्तात प्रकल्प पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न ग्रामस्थांच्या विरोधामुळे फसले. अखेरीस शहराला घरोघरी व वस्तीवस्तीत ओल्या कचऱ्याचे खत करण्याच्या मार्गाकडे वळावे लागले. जे आधी अशक्य म्हटले जात होते, ते कुलूप लागल्यावर करावे लागले.

‘आधी कचरा कमी करू, मग दिवस कमी करू’ हा युक्तिवाद समंजस वाटतो; पण त्यातील ‘आधी’ला अंत नसतो. डेपोत केवळ न कुजणारा व निरुपयोगी कचराच जावा, असे केंद्र सरकारच्या २०००च्या नियमांनी सांगितले होते. त्यानंतर सतरा वर्षांनी फुरसुंगीचा डेपो पेटला. गावाची सहनशीलता ही शहराने गृहीत धरावी अशी मालमत्ता नव्हे.

म्हणून बंद दिवसाची तारीख आधी ठरावी, आणि त्याच ठरावात त्या दिवशीचा ओला कचरा कोठे जिरवला जाईल व कचरावेचकांना कोणते काम मिळेल, हेही लिहिले जावे. पुण्यात १९९३मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले. पुढे तेथील कचरावेचक घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागले. म्हणजे हे काम डेपोच्या ढिगावरच व्हावे असे नाही. ते दारातही होऊ शकते. निर्णयाची कसोटी साधी आहे: बंद दिवसाची गैरसोय कोणाच्या वाट्याला येते? ती कचरा करणाऱ्याच्या वाट्याला आली, तर निर्णय न्याय्य. ओढ्याकाठच्या झोपडीला आली, तर अन्याय्य.

शेजारी कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपणास नवा नाही. ज्याचे घर आपल्याला दिसतही नाही, पण आपल्या घरातील घाण ज्याच्या विहिरीपर्यंत जाते, तोही शेजारीच. आपल्या शाळा, वसतिगृहे व उपासनामंदिरे यांच्या आवारांत खताचा एक खड्डा खणण्याइतकी जागा बहुधा असते. पालिकेचा ठराव होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही.