गऊघाट

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब हे गाव आहे. नवाबी अमलात बक्षी म्हणजे लष्कराच्या वेतनाचा अधिकारी. अशाच एका बक्षीने बांधविलेल्या तलावावरून गावाला हे नाव मिळाले. उत्तर हिंदुस्थानात तलावांना आणि नदीकाठांना पायऱ्यांखेरीज एक उतारही ठेवण्याची जुनी रीत आहे. त्या उताराला गऊघाट म्हणतात. गुरांना पायऱ्या उतरणे कठीण, म्हणून त्यांच्यासाठी ही सोय. पाणी सर्वांचे आहे असे म्हणण्यास काही पडत नाही. पायरी ज्याला अडवते त्याच्यासाठी उतार बांधणे, ही मात्र त्या शब्दाची खरी किंमत होय.

याच प्रांतात 1928 साली बनबसा येथून शारदा कालवा सुरू झाला आणि त्याच्या शाखा लखनौ जिल्ह्यापर्यंत पोचल्या. कालव्याच्या भरावावर एक वाट असते. ती पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी ठेवलेली असते. वाटसरूचा विचार तिच्या आखणीत नसतो. शहर वाढत वाढत कालव्यापाशी आले की हीच वाट सायकलस्वारास मोलाची वाटू लागते. ती सपाट असते, सलग असते, मोटारींच्या गर्दीपासून दूर असते. पुण्यात खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा थेट शहरातून हडपसरकडे जातो. अशा काठांवर सायकलमार्ग कल्पिणे स्वाभाविकच आहे. अडचण येते ती वाटेच्या तोंडाशी. वाट भरावावर उंच, रस्ता खाली. मध्ये पायऱ्या, फाटक किंवा रोवलेले खांब. पुलापाशी वाट तुटते आणि पलीकडचे तोंड गाठण्यासाठी भर रहदारीत शिरावे लागते.

आराखडा लांबी मोजतो, वापरणारा अडथळे मोजतो. लखनौमध्ये 2012 नंतरच्या काही वर्षांत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाले. पुणे महापालिकेने 2017 साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. अशा योजनांचे यश किलोमीटरांत सांगितले जाते. परंतु दहा किलोमीटरच्या मार्गावर दोनच दुर्गम तोंडे असतील, तर मधल्या वस्तीच्या दृष्टीने तो मार्ग नसल्यातच जमा आहे.

फाटकाच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. वाट मोकळी ठेवली तर मोटारसायकली शिरतील आणि पायी चालणाऱ्यांस धोका होईल. म्हणून तोंड अरुंद करावे. पण अरुंद तोंडातून बाहेर कोण राहतो, हे पाहावे लागते. तरुण सायकल उचलून पलीकडे नेतो. दुधाच्या किटल्या लटकावलेला गवळी, मुलाला पुढे बसवलेली आई, तीनचाकी चालवणारा अपंग हे तिघेही मागे फिरतात. दांडग्याच्या संभाव्य गुन्ह्याची शिक्षा दुबळ्यास आगाऊ भोगावी लागते. सुरक्षिततेचा हेतू खरा असला तरी त्याचा भार कोणाच्या माथी पडतो, हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

शेतीच्या बाबतीत कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेताकडे जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करवून घेण्याचा मार्ग दिला. ज्या शेतात जाता येत नाही त्याची मालकी व्यर्थ, हे त्यात गृहीत होते.

अधिकार आणि त्याचा उपभोग यांतील अंतर किती भीषण असू शकते, हे महाडने दाखविले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाईपर्यंत ते खुलेपण कागदावरच होते, आणि त्यानंतरही न्यायालयाचा निकाल येण्यास 1937 साल उजाडले. तेथे माणसाचे माणूसपण नाकारले जात होते. सायकलस्वाराची अडचण त्या पंक्तीस बसविणे अनुचित ठरेल. महाडपासून घ्यावयाचे ते एवढेच की, खुले केल्याची घोषणा आणि प्रत्यक्ष पोचणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि पहिलीचे श्रेय घेणाऱ्याने दुसरीचे उत्तरदायित्वही घेतले पाहिजे.

उघड नकाराला निदान विरोध करता येतो, कारण तो कोणीतरी दिलेला असतो. पायरीने दिलेला नकार कोणाचाच नसतो. तेथे नाकारणारा अधिकारी दिसत नाही, कारण सांगावे लागत नाही, अर्ज फेटाळावा लागत नाही. मागे फिरलेला माणूसही दोष स्वतःच्या वयाला, ओझ्याला किंवा पायाला देतो. तो पुन्हा येत नाही. मग या वाटेवर सायकली येतच नाहीत, असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या उताराचा खर्च अनावश्यक ठरतो. नियोजनातील चूक अशा रीतीने स्वतःचाच पुरावा निर्माण करते.

गऊघाट बांधणाऱ्याने किती गुरे पायऱ्या उतरून येतात हे आधी मोजले नव्हते. मोजले असते, तर उतार कधीच झाला नसता. तहान आहे हे त्याला ठाऊक होते, आणि उतार बांधण्यास तेवढे पुरेसे होते.