सटवीचा लेख आणि हजारांचा हिशेब

बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येऊन त्याच्या कपाळी आयुष्याचा लेख लिहून जाते, ही महाराष्ट्रातील जुनी समजूत भाबडी म्हणावी तर म्हणावी, परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक आहे. नवजातांच्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू पहिल्याच आठवड्यात घडतात, हे सरकारी दप्तरांत नोंदले जाण्यापूर्वी कितीतरी आधी आयाबायांना ठाऊक होते. जगाचे कारण काय, काल, स्वभाव, नियती की यदृच्छा, असा प्रश्न श्वेताश्वतर उपनिषदाने आरंभीच मांडला आहे. त्यातली नियती सटवीकडे गेली, आणि यदृच्छा गेल्या तीन शतकांत गणितज्ञांनी आपल्या ताब्यात घेतली.

या दोघींची गाठ गडचिरोलीच्या अरण्यमुलखात पडली, असे मी समजतो. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांचा जो प्रबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला, त्यात ३९ गावांतील नवजातांची सेवा गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, घरी जाऊन करीत होत्या, जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनची सुईही देत होत्या, दुसऱ्या ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था तेवढी होती. आरंभी दोन्हीकडे हजारी साठाच्या आसपास नवजात दगावत. तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांत हे प्रमाण २५.५ वर आले, आणि उरलेल्या गावांत ते ५९.६ राहिले.

प्रबंधात या फरकापुढे संभाव्यतेचा एक आकडा आहे: हजारात एकाहून कमी. सुशिक्षित माणूसही त्याचा अर्थ असा लावतो की, हे यश निव्वळ योगायोगाचे असण्याची शक्यता तेवढीच आहे. वस्तुतः तो आकडा एवढेच सांगतो की, सेवेचा कसलाही परिणाम नसता, तर केवळ यदृच्छेने इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता तेवढी अल्प असती. पहिले विधान दुसऱ्यावरून निघत नाही. शिवाय गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही बाबही विचारात घ्यावी लागते. आणि नियतीवाद्याला तर या आकड्याने निरुत्तर करताच येत नाही. आरोग्यदूत दारी येणे हेही सटवीनेच लिहिले होते, असे तो शांतपणे म्हणेल, आणि हे म्हणणे खोडून काढण्याचे साधन गणितापाशी नाही.

प्रबंध छापले जाण्याच्या प्रक्रियेतही यदृच्छेचा एक सूक्ष्म वाटा असतो, तो विद्वान सहसा बोलून दाखवीत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा लिलाव पाने तोडण्यापूर्वी होतो; प्रत्येक ठेकेदार पीक, पाऊस आणि बाजार यांचा अंदाज बांधून निविदा भरतो. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी बहुधा सत्याच्या जवळ असते, परंतु मक्ता सरासरीला मिळत नाही, सर्वांत आशावादी अंदाजाला मिळतो. म्हणून संकलनाच्या फळीवर पाने आली की हात पोळतात ते त्याचेच. नियतकालिकांचेही असेच आहे. ठळक निष्कर्ष छापला जातो, निरुत्साही निष्कर्ष टेबलाच्या खणात पडून राहतो, आणि म्हणून पहिल्या मोठ्या आकड्यापेक्षा नंतरचे आकडे लहान निघावेत हे अपेक्षितच असते. बांगलादेशातील सिल्हेट येथे पुढे असाच प्रयोग चिठ्ठ्या टाकून झाला, तेव्हा २००८ साली प्रसिद्ध झालेली घट ३४ टक्के होती. गडचिरोलीची ६२ होती. दोन्हीकडची माणसे, सेवेची तऱ्हा आणि देखरेख भिन्न, म्हणून या फरकातला किती भाग निवडीचा आणि किती परिस्थितीचा, हे सांगता येत नाही. पण ३४ टक्के ही काही उपेक्षणीय राशी नव्हे.

मला अधिक अस्वस्थ करतात ती ४७ गावे. तुलनेसाठी काही गावे वेगळी ठेवणे न्याय्य ठरते ते संशोधकाच्या मनात प्रामाणिक संशय आहे तोवरच. उपाय लाभतो हे निश्चित कळल्यावर तीच तुलना क्रौर्य होते. पण संशय संपतो केव्हा? संभाव्यतेची विसात एक ही रूढ मर्यादा कोणत्याही श्रुतिस्मृतीत नाही; संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या ग्रंथात ती सोयीची म्हणून स्वीकारली, आणि पुढच्यांनी तिला शास्त्रवचनाची प्रतिष्ठा दिली. ज्या आईचे मूल चौथ्या दिवशी दगावते तिच्यापुढे हजारी प्रमाण मुके असते, कारण तिचे मूल हजारात नसून एकच असते. सटवी निदान त्या एका मुलाविषयी काही बोलते, हे तिचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. मात्र ती हजारांविषयी काहीच बोलत नाही, आणि सुई कोणत्या गावी पाठवावी हे तिला विचारून ठरत नाही.

‘लॅन्सेट’मधील प्रबंधानंतर आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळसेवा देशभर सुरू करण्याची तजवीज केंद्र शासनाने केली ती २०११ साली. मधल्या बारा वर्षांत अन्यत्र पडताळे घेतले गेले, मंजुऱ्या झाल्या, कागद फिरले. त्यातला काही विलंब प्रामाणिक संशयाच्या खाती खुशाल मांडावा. उरलेला नियतीच्या खाती घालावा की यदृच्छेच्या, असे कोणी विचारले, तर मी तो निःसंकोच कारभाराच्या खाती मांडीन.