आधी डिपस्टिक, मग तोंड

गिअरबॉक्स गेला म्हणालास. कशावरून रे? बॉनेट उघडलं नव्हतंस, गाडीची एक फेरी मारली नव्हतीस, आणि गोमतीनगरहून आलेल्या त्या काकांना ओव्हरहॉलचा आकडा ऐकवून मोकळा झालास. आत्ताच्या आत्ता त्यांना फोन कर आणि तो आकडा मागे घे.

२००५ची कोरोला आहे ती, चार गिअरची ऑटोमॅटिक. काकांना एक तरी प्रश्न विचारलास? झटका सकाळी थंड इंजिनावर बसतो, की हजरतगंजच्या गर्दीत रखडल्यावर? लखनौचा मे महिना, वर सिग्नलला थांबत थांबत जाणं. टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापतं. न्यूट्रलमधून डीत टाकताना दणका बसतो, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना? की धक्का नाहीच, नुसता आरपीएम वर पळतो आणि गिअर मागाहून पडतो? प्रत्येकाची वाट वेगळी. डीत टाकतानाच दणका असेल तर आधी आयडलिंग चढलंय का बघ, मग इंजिनाचं माउंटिंग. त्याचं रबर फाटलं की चांगला गिअरबॉक्सही बदनाम होतो. एखादा प्लग मिसिंग करत असला तरी गिऱ्हाईक ‘गिअर झटके मारतो’ असंच सांगणार. त्यानं सांगावं; तू मेकॅनिक व्हायला निघालायस.

मी ओरडल्यावर डिपस्टिक काढलीस, तीही इंजिन बंद असताना! म्हणे, ‘सर, तेल बरोबर आहे.’ बंद इंजिनावर तेल खाली उतरतं आणि पातळी खोटी चढते. टोयोटात तेल तापलेलं हवं, इंजिन आयडलवर चालू हवं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पीत आणलेला हवा. जुन्या होंडाचं उलटं: गाडी गरम करून बंद करायची आणि मिनिट-दीड मिनिटात मोजायचं. वर्गात मान डोलावत होतास तेव्हा काय ऐकत होतास? मी चालू इंजिनावर मोजलं तर तेल ‘हॉट’च्या खुणेखाली. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला: तपकिरी, पण जळका वास नाही, चमचमणारा कीसही नाही. काळं आणि करपलेलं असतं तर क्लचच्या प्लेटा जळाल्या म्हटलं असतं. दुधाळ असतं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलं म्हटलं असतं. इथं कूलरच्या नळीचा सांधा ओला आहे. बोट लावून बघ.

आणि लाल दिसलं म्हणून हाताला लागेल तो डबा ओतू नकोस. या गाडीला टाइप टी-फोर लागतं. जास्त भरलंस तर फेस होईल आणि गिअर आणखी बिघडतील.

स्कॅनरवर पी०७०० दिसलं की नाचू नकोस. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, एवढंच तो कोड सांगतो. सोबतचा दुसरा कोड वाच.

भातखंड्यांनी याच शहरात १९२६ साली संगीताचं कॉलेज उभं केलं. त्याआधी गावोगाव फिरून उस्तादांना ऐकलं, विचारलं, टिपून घेतलं. तुला एक गाडी ऐकवेना.

आधी नळी बदल, तेल पातळीला आण, मग स्वतः चालवून कुठल्या गिअरला काय झालं ते वहीत लिही. वही मला दाखवल्याशिवाय गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावायचा नाही.