नित्यकर्म आणि कॉफीचें यंत्र

कॉफी करण्याचें विजेचें यंत्र ही आतां केवळ शहरांतील उपाहारगृहांची मिरास राहिलेली नाहीं. नारायणगांव, मंचर, घोडेगांव, जुन्नर या बाजूच्या ज्या घरांतील मुलें-मुली पुण्यामुंबईस नोकरीस आहेत, त्यांपैकीं कांहींच्या ओट्यावर चहाच्या पातेल्याशेजारीं हा चकचकीत पाहुणा येऊन बसलेला दिसतो. मिलानच्या लुइजी बेझेरानें १९०१ सालीं अशा यंत्राचें पेटंट घेतलें, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनाही तें वापरण्यास अडचण पडत नाहीं. अडचण पडते ती तें स्वच्छ ठेवण्याची. आणि त्या अडचणींत आम्हांस नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न दडलेला दिसतो. ज्या कामानें नवें असें कांहींच हातीं लागत नाहीं, तें कर्तव्य कां मानावें?

पितळी भांड्यांच्या काळांत गोष्ट सोपी होती. कल्हई उडाली कीं पिवळा डाग डोळ्यांस दिसे, ताक कळकूं लागे, आणि कल्हईवाल्याची हांक कानीं पडतांच भांडीं अंगणांत येत. कथील, नवसागर, भाता आणि कापसाचा बोळा एवढ्या सामग्रीवर भांडें पुन्हां उजळे. दोष उघड असल्यामुळें उपायही वेळेवर होई. कॉफीच्या यंत्राचें याच्या उलट आहे. बाहेरून तें आरशासारखें लखलखतें आणि मळ सांचतो तो आंत. कॉफीच्या दाण्यांत तेल असतें. सुमारें नऊ वातावरणांच्या दाबानें गरम पाणी पुडींतून जातांना तें सुटतें, जाळीवर आणि रबरी कड्याभोंवतीं बसतें व हळूहळू खवट होतें. दूध फेंसाळणाऱ्या वाफेच्या नळीवर दुधाचा थर करपून चिकटतो. त्यांतून आमच्याकडील विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड. तें तापलें कीं त्यांतील चुन्याचे क्षार पांढऱ्या खपलीच्या रूपानें खालीं बसतात. ज्यांनीं आपला जुना बंब कधीं आंतून पाहिला आहे, त्यांस ही खपली निराळी सांगावयास नको. परंतु बंबाचें झांकण काढतां येतें; यंत्रांतील नळी बोटभरही रुंद नसते.

उपाय म्हणाल तर किरकोळ आहेत. दूध फेंसाळून होतांच वाफेची नळी ओल्या फडक्यानें पुसून क्षणभर वाफ सोडावी. गाळणीची मूठ व जाळी रोज धुवावी. ज्या यंत्रांत दाब सोडणारी झडप असते, त्यांत भोकें नसलेली चाळणी बसवून आठपंधरा दिवसांनीं त्या कामासाठीं मिळणाऱ्या भुकटीचें पाणी उलट फिरवावें. चुन्यासाठीं दोनतीन महिन्यांनीं, यंत्राच्या पुस्तिकेंत मनाई नसल्यास, लिंबूसत्वाचें पातळ पाणी आंतून खेळवावें. बुडबुडे निघून खपली विरघळते, आणि मग निव्वळ पाण्यानें यंत्र दोनदां धुऊन काढावयाचें. (चिंचेनें तांब्या घासणाऱ्या आमच्या आज्यांना रसायनशास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें, पण आंबट आणि डाग यांचें वैर त्यांस पुरतें ठाऊक होतें.)

किरकोळ नाहीं ती आठवण. बिघाड एका दिवसांत होत नाहीं. आजची कॉफी कालच्याहून केसभरच खवट असते, आणि जीभ त्या केसभर फरकाची रोज सवय करून घेते. ज्या इंद्रियानें दोष ओळखावयाचा, तेंच दोषाबरोबर बदलत जातें. न्यायाधीशानेंच आरोपीच्या पंक्तीस जेवूं लागावें, तसा हा प्रकार. एखादा परका पाहुणा पहिल्या घोटासरशीं तोंड वाकडें करतो, तेव्हां घरच्यांस त्याचीच रुचि बिघडलेली वाटते. जेथें परीक्षकच असा विकला गेलेला आहे, तेथें 'वाटेल तेव्हां करूं' हें म्हणणें व्यर्थ होय. तें वाटण्याची वेळ येतच नाहीं. असें काम तिथीवारानेंच केलें पाहिजे, आणि तिथीवारानें करावयाच्या कर्माचा विचार आमच्या पूर्वजांनीं फार बारकाईनें केलेला आहे.

मीमांसकांनीं कर्माचे काम्य, नैमित्तिक आणि नित्य असे भेद केले. स्वर्गादि फल हवें असेल त्यानें करावयाचें तें काम्य, ग्रहणासारखें निमित्त घडल्यावर करावयाचें तें नैमित्तिक, आणि संध्येसारखें नेमानें करावयाचें तें नित्य. नित्यकर्माविषयीं एक प्रसिद्ध मत असें कीं, तें केल्यानें विशेष फल मिळत नाहीं, पण न केल्यानें प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. यावर शंकराचार्यांनीं मोठा मार्मिक आक्षेप घेतला आहे: न करणें हा केवळ अभाव आहे, अभावापासून दोष ही भावरूप वस्तु उत्पन्न व्हावी कशी? संध्येच्या बाबतींत याचा निकाल पंडितांनीं लावावा. यंत्रापुरतें पाहतां आम्हांस उत्तर असें दिसतें कीं, मळ न धुण्यापासून उत्पन्न होतच नाहीं. तो उत्पन्न होतो पिण्यापासून. आळशी मनुष्य 'मीं कांहीं केलें नाहीं' असें म्हणतो, तें अर्धेंच खरें असतें. सकाळपासून त्यानें तीन पेले रिचविलेले असतात. धुणें हें पिण्यानंतरचें निराळें पुण्यकर्म नसून पिण्याचाच शेवटचा भाग आहे, आणि तो भाग टाकून तो उठलेला असतो.

तो टाकलेला भाग मग उचलतो कोण? यंत्र आणलें मुलानें, वाखाणणी केली वडिलांनीं, दुसऱ्यांदा पेला पुढें केला पाहुण्यांनीं. आणि रात्रीं ओटा आवरतांना जाळी घासते ती घरची सून. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पांच ठिकाणीं गृहस्थाकडून रोज हिंसा घडते, व तिच्या निष्कृतीसाठीं त्यानें पंचमहायज्ञ करावे, असें सांगितलें आहे. संसाराच्या प्रत्येक साधनामागें कांहीं देणें राहतें, ही दृष्टि खोल आहे यांत शंका नाहीं. परंतु व्यवहारांत वांटणी कशी झाली तें पाहा: यज्ञ राहिले गृहस्थाकडे आणि केरसुणी गेली गृहिणीकडे. श्रमविभागावांचून संसार चालत नाहीं, असा यावर युक्तिवाद होईल. कल्हईच्या बाबतींत तो आम्हांस मान्य आहे. त्यांत कसब होतें आणि त्याचा मोबदला दिला जाई. पण नळीवरून फडकें फिरविण्यास अर्धा मिनिट लागतो व कसब मुळींच लागत नाहीं. असलें काम दुसऱ्यावर टाकण्यांत श्रमविभाग नाहीं, फक्त कोण वरच्या पायरीवर आणि कोण खालच्या, एवढेंच ठरतें.

आमच्या जुन्नरच्या डोंगरांत या बाबतींत अधिक समंजस व्यवहाराचे पुरावे कोरलेले आहेत. मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं मंडप आणि पाण्याची पोढी, म्हणजे टांकें, दिल्याचा लेख आहे. वस्तु देऊन मोकळें होणें ही दानाची एक रीत झाली. परंतु येथल्याच दुसऱ्या लेखांत कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याच्या नोंदी आढळतात. त्यांत वेळूचें काम करणारे आहेत, कांसारही आहेत. म्हणजे दिलेल्या दानामागें पुढचा खर्च चालत राहतो, आणि त्याची तजवीज आजच करावयास हवी, हें त्या दात्यांस उमगलें होतें. पोढींतला गाळ प्रत्यक्ष कोणीं उपसला, त्याचें नांव मात्र आमच्या पाहण्यांत कोणत्याही लेखांत आलें नाहीं.

वस्तूंची निगा राखण्यांतच आयुष्य वेंचावें, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरीं इतकी उठाठेव झेपत नसेल, त्यांनीं यंत्र कोणास देऊन टाकून दक्षिणेकडील दोन भागांचा फिल्टर घ्यावा. त्यास गरम पाणी आणि घासणी पुरते, आणि कॉफीही उत्तम होते. ज्यांस यंत्रच ठेवावयाचें, त्यांच्या स्वयंपाकघरांतील भिंतीवर दिनदर्शिका असेलच. दूध कोणत्या दिवशीं आलें नाहीं आणि गॅसची टाकी कधीं लावली, हें आपण तिच्यावर लिहून ठेवतोंच. त्याच चौकोनांत यंत्र धुण्याची तारीख सहज मावेल. त्या तारखेपुढें कोणाचें नांव लिहावयाचें, हें पिणाऱ्या सर्वांनीं पहिला पेला भरण्यापूर्वीं एकत्र बसून ठरवावें.