घेणारे हात देणारे व्हावेत
(इफिसकरांस पत्र ४:२८)

प्रेषित पौल चोरी करणाऱ्यास केवळ चोरी सोडण्याची आज्ञा देऊन थांबत नाही. त्याने आपल्या हातांनी कष्ट करावेत, आणि तेही गरजवंतास काही देता यावे म्हणून करावेत, असे तो सांगतो. पाप सोडणे हे अर्धेच काम होय. ज्या हातांनी घेतले त्याच हातांनी देऊ लागणे, हे उरलेले अर्धे.

ह्याची साक्ष देणारा जेरी मॅकॉली नावाचा मनुष्य न्यूयॉर्क शहरी होऊन गेला. आयर्लंडात जन्मलेला हा तरुण नदीवर चोऱ्या करी व दारूच्या आहारी गेला होता. १८५७ साली लूटमारीच्या आरोपावरून त्यास पंधरा वर्षांची शिक्षा होऊन सिंग सिंगच्या तुरुंगात धाडण्यात आले. तेथे एका सुधारलेल्या जुन्या गुंडाची साक्ष ऐकून त्याने पवित्र शास्त्र हाती घेतले व तो देवास शरण गेला. १८६४ साली माफी मिळून तो सुटला. परंतु बाहेर त्याचा हात धरणारा एकही विश्वासी मित्र नव्हता, म्हणून तो पुन्हा जुन्या सोबतीत व दारूत पडला. पुढे काही ख्रिस्ती जनांनी त्यास जवळ केले. त्यानंतरही तो पडला, तरी त्यांनी त्यास टाकले नाही.

१८७२ साली त्याने व त्याची पत्नी मारिया हिने वॉटर स्ट्रीट ह्या बदनाम वस्तीत पतितांसाठी एक घर उघडले. तेथे दररोज रात्री सभा भरे. १८८४ साली जेरी प्रभूकडे गेला. पण त्याच्या सभेत १८८२ साली तारण पावलेला सॅम्युएल हॅडली नावाचा मद्यपी १८८६ साली त्या घराचा प्रमुख झाला. जो उचलला गेला तो उचलणारा झाला!

आता आम्ही आपल्या गावाकडे पाहू. तुरुंगातून सुटलेला बंधू उपासनेस येतो, तेव्हा आम्ही त्यास दाराशी बसवितो आणि आपली थैली सांभाळितो. मग तो गुत्त्याकडे वळला, तर नवल ते काय? त्याच्या हाती पहिल्याच दिवशी दानपेटी द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. त्याने त्याच्यावरच मोहाचे ओझे पडेल. परंतु विहिरीचा गाळ काढावयाचा आहे, मंदिराचे छप्पर शाकारावयाचे आहे, म्हाताऱ्या विधवेस पाणी भरून द्यावयाचे आहे. ह्या कामी त्यास बोलवा, आणि त्याच्या जोडीस स्वतः उभे राहा. दिवेलागणीची वेळ त्यास कठीण जाते. त्या वेळी दोघा बंधूंनी त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. तो पडला तर पुन्हा जावे.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारी आपल्या मंडळीत असा कोण आहे ह्याचा शोध घ्या, आणि त्यास उपदेशाबरोबर कामही द्या. ज्या प्रभूने आम्हां सर्वांस पडलेले असता उचलले, तो त्याचे व आमचे हात आपल्या सेवेस लावो. आमेन.