ईडिपस गंड आणि ऋणाचा प्रश्न

फ्रॉइडने १८९७ साली फ्लीस या मित्राला लिहिलेल्या पत्रात प्रथम सुचवलेली, १९००च्या स्वप्नमीमांसेत मांडलेली आणि १९१०मध्ये 'ईडिपस गंड' या नावाने स्थिर झालेली कल्पना मराठी समीक्षेत आता परकी राहिलेली नाही. मात्र ती रुळता रुळता आक्रसत गेली आहे. आज ही संज्ञा बहुधा दोनच अर्थांनी वापरली जाते. आईवर उत्कट प्रेम करणाऱ्या मुलावर ठेवलेला आरोप हा एक अर्थ. आणि बापाशी न पटणाऱ्या मुलाला मिळणारी सबब हा दुसरा. दोन्ही वापरांत एक नैतिक निवाडा गृहीत धरलेला असतो, आणि तो मानसशास्त्रीय परिभाषेच्या आडोशाला दडलेला असल्यामुळे तपासला जात नाही. प्रश्न नेमका येथे आहे : माता, पिता आणि पुत्र यांच्या संबंधांत मुळात कोणाचे कोणाला देणे लागते?

मूळ कथेकडे परत गेल्यास एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. सोफोक्लीझच्या नाटकात (ज्याचे मराठी रूप पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने १९७९ साली दिले) पहिली हिंसा पुत्राची नव्हे, पित्याची आहे. भाकिताच्या भयाने लायस तान्ह्या मुलाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून देण्याची व्यवस्था करतो. पुत्राच्या नावातच त्या सुजलेल्या पायांची खूण राहिली आहे. फ्रॉइडने कथा पुत्राच्या इच्छेपासून सुरू केली; त्यामुळे पित्याचे भय हा तिचा आरंभबिंदू दृष्टीआड झाला.

भारतीय परंपरेने हा आरंभबिंदू सहसा झाकलेला नाही. ययाती आपले वार्धक्य पुत्रांना देऊ करतो. जे नाकारतात त्यांना शाप मिळतो, जो स्वीकारतो त्या पुरूला राज्य मिळते. शंतनूच्या सुखासाठी देवव्रत आजन्म ब्रह्मचर्य पत्करतो. ए. के. रामानुजन यांनी 'भारतीय ईडिपस'विषयीच्या आपल्या निबंधात (त्याचे सुधारित रूप १९८३चे) दाखवून दिले की, या कथांमध्ये आक्रमणाची दिशा पित्याकडून पुत्राकडे अशी उलटी असते. त्याच्याही पूर्वी, १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी या गंडाविषयीचे आपले मतभेद खुद्द फ्रॉइडला पत्राने कळवले होते. तथापि दिशा उलटी आहे एवढे सांगून भागत नाही. पुरूच्या त्यागाला परंपरेने 'पितृऋण' हे नाव दिले. हिंसेला ऋणफेडीचे रूप आले, की तिच्याविरुद्ध बोलण्याची भाषाच पुत्रापाशी उरत नाही.

या दृष्टीने खानदेशाशी निगडित दोन संहिता एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८, सांगवी, ता. यावल, जि. जळगाव) यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर आणि त्याचे वडील यांच्यातील ताण ईडिपस गंडाच्या साच्यात बसवणे अवघड नाही. परंतु तसे करताना दोन गोष्टी साच्याबाहेर राहतात. पांडुरंगाला मुळापासून हादरवते ते धाकट्या बहिणीचे, मनीचे मरण. आईच्या अभिलाषेचे सूत्र त्या शोकाचा उलगडा करू शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. येथे पित्याची सत्ता शेती, घर आणि पैसा यांतून व्यक्त होते. पुण्यातले शिक्षण त्याच्याच पैशावर चालते आणि पदवीवाचून परतलेल्या मुलाला त्याच्याच घरात राहावे लागते. या बंडखोरीच्या मुळाशी, न फिटणाऱ्या आणि न मागता लादल्या गेलेल्या देण्याची जाणीव आहे. कृषिव्यवस्थेतील वारसा वजा करून या संघर्षाला निव्वळ 'गंड' म्हणणे म्हणजे सामाजिक संबंधाचे रूपांतर व्यक्तिगत विकारात करणे होय.

'श्यामची आई' (१९३५) हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि त्यातील बालपण कोकणातले. परंतु त्याचे लेखक साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. या पुस्तकावर मातृगंडाचा शिक्का मारणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. फ्रॉइडच्या मांडणीत निषेध पित्याकडून येतो आणि आई ही इच्छेची वस्तू असते. येथे पिता सौम्य आहे, कर्जाने खचलेला आहे. नियम सांगते ती आई. पायांइतकीच मनाच्या स्वच्छतेची काळजी घे, असे तीच बजावते. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला हाती शिंपटी घेऊन घराबाहेर काढते तीही तीच. मुलाला आपल्या पदरापासून तोडण्याचे काम येथे आईनेच पत्करले आहे. मग श्यामची भक्ती ही दडपलेली वासना मानायची की नियमदात्रीविषयीची कृतज्ञता? दुसरा पर्याय संहितेला अधिक जवळचा आहे. पण त्यामुळे प्रश्न संपत नाही. जिने काहीच मागितले नाही तिचे ऋण फेडता येत नाही, आणि न फिटणारे ऋण पित्याच्या आज्ञेइतकेच बांधून ठेवू शकते. आईच्या उदात्तीकरणाची चिकित्सा करायची तर ती या बाजूने करता येईल.

इरावती कर्वे यांनी १९५० साली 'मॅन' या मानवशास्त्रीय नियतकालिकात ईडिपसकथेचे एक मराठी रूप प्रसिद्ध केले. नवजाताचे भविष्य लिहिणारी सटवाई स्वतःच्या मुलीचे भविष्य सांगते : ती आपल्याच पुत्राशी लग्न करील. मुलगी पुरुषाचे तोंडही न पाहण्याच्या निश्चयाने रानात जाते. तरीही तिला पुरुषसंगावाचून गर्भ राहतो, टाकलेले मूल इतरत्र वाढते आणि अखेर त्याच्याशीच तिचा विवाह होतो. मूल गुंडाळले होते ते वस्त्र पुढे दृष्टीस पडते आणि तिला सत्य उमगते. रामानुजन यांनी दिलेल्या कन्नड कथेत अशा क्षणी आई आत्महत्या करते. मराठी कथेतली स्त्री मात्र विधिलिखित स्वीकारून नांदत राहते.

हा शेवट नीतिशून्य म्हणून झटकून टाकता येणार नाही. येथे ज्ञान स्त्रीला होते, पुत्राला नव्हे. म्हणजे कथेचे नैतिक केंद्रच सरकले आहे. सोफोक्लीझचा वृद्ध ईडिपस 'कोलोनस'मध्ये आपण अजाणता वागलो, असा बचाव करतो. या स्त्रीला तोही आधार नाही; कळल्यानंतरचे जगणे तिचे स्वतःचे आहे. जे हातून अजाणता घडले त्याचा दोष आणि जे कळले त्याचे उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान तिच्या निर्णयात आहे. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद संभवतात; तो निर्णय आहे, यावर संभवत नाहीत.

ईडिपस गंडाच्या आजच्या वापरात हाच भेद पुसला जातो. आरोप करणारा अजाणत्या इच्छेला अपराध ठरवतो. सबब सांगणारा जाणत्या वर्तनालाही अजाणतेपणाचा आश्रय देतो. समीक्षकाच्या बाबतीत यात आणखी एक जबाबदारीचा प्रश्न आहे. हयात नसलेल्या लेखकाच्या अबोध मनाविषयी केलेले विधान सिद्ध करता येत नाही आणि लेखकाला ते खोडूनही काढता येत नाही. संहितेविषयीचे विधान मात्र दोन्ही कसोट्यांना उतरावे लागते. संकल्पना टाकून देण्याचे यामुळे कारण नाही. पित्याचे भय, आईचे नियम आणि जमिनीचा वारसा यांचा हिशेब मांडल्यावर जे उरते, त्याच्यासाठी ती वापरावी. 'कोसला'त असे काही उरते का, हे त्या हिशेबानंतरच ठरवता येईल.