काहीच दिसलं नाही, म्हणजे काय?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांवर, काढले जात होते. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात गेले. एकूण चोरी सुमारे ९४ कोटींची. पुढे एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. माझ्या डोक्यात मात्र त्यातला एकच तपशील घर करून बसला आहे.

एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, या खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मध्येच एक बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर 'आहेत, द्या' म्हणू लागला. मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. त्या वेळी फक्त तिच्याकडे पाहत बसलेल्या माणसाला सगळं शांतच दिसलं असतं. त्याचं निरीक्षण खरं ठरलं असतं, पण त्यावरून काढलेला 'सगळं ठीक आहे' हा निष्कर्ष साफ चुकला असता.

न दिसण्यावरून काय सिद्ध होतं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण त्यांनी एक अट घातली. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. आधी दिवा लावा, मग बोला.

सायबर सुरक्षेचं नेतृत्व करणाऱ्याची नैतिक परीक्षा मला या अटीत दिसते. वर्षअखेरीला तो संचालक मंडळापुढे उभा राहतो आणि सांगतो, "यंदा एकही हल्ला झाला नाही." सगळे समाधानानं माना डोलावतात. दिवा लावला होता का, हे सहसा कुणी विचारत नाही.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली एका जहाजमालकाची गोष्ट लिहिली. जहाज जुनं आहे, तपासायला हवं, हे मालकाला कळत होतं. तरी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि प्रवाशांसकट ते पाठवून दिलं. जहाज बुडालं. क्लिफर्ड पुढे म्हणतो, ते सुखरूप पोहोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी ठरला असता. दोष होता तो पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्यात. हे वाचलं की आपल्या आसपासचे कितीतरी 'यशस्वी' अधिकारी आठवतात. जहाज बुडालं नाही, म्हणून बढती मिळाली.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत पंधरा-वीस वर्षं तांत्रिक काम केलेली मंडळी हल्ली शनिवार-रविवारी एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमांना बसतात. फी लाखांत असते. त्यातून काय मिळतं? वित्त विभागाची भाषा कळते, जोखमीला रुपयांत मांडता येतं, मंडळापुढे दहा मिनिटांत मुद्दा सांगता येतो. हे उपयोगाचंच आहे. नाहीतर तंत्रज्ञाकडे एकच हत्यार उरतं, भीती. "उद्या आपलं कॉसमॉस होईल" असं म्हणून बजेट मंजूर करून घेणं हीसुद्धा पुराव्याशिवाय मिळवलेली संमतीच.

पण हीच भाषा अंधार झाकायलाही वापरता येते. हिरव्या चौकटींचा सुबक तक्ता खोटं न बोलताही फसवू शकतो. म्हणून अशा वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट मला केस-चर्चा वाटते. अट एकच, शेवट आधी सांगितलेला नसावा. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा, तो कशाच्या आधारे घेतला हे चाळीस जणांसमोर सांगायचं, आणि कुणी "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलं तर चिडायचं नाही. वरिष्ठ झाल्यावर हा प्रश्न विचारणारं माणूस ऑफिसात उरत नाही. तो ऐकण्याची सवय वर्गात परत लागते, आणि फीचे पैसे खरे तर तिथे वसूल होतात.

मग सोमवारी मंडळापुढे बोलायची वेळ येते. "या तीन ठिकाणी आम्ही पाहिलं, काही सापडलं नाही. या दोन ठिकाणी पाहायची सोयच नाही, त्यामुळे तिथलं मी सांगू शकत नाही." हे वाक्य म्हणणारा माणूस शेजारच्या हिरव्या तक्तेवाल्यापेक्षा कमी कर्तबगार दिसतो. कदाचित त्याची बढतीही हुकते. ती किंमत त्यानं एकट्यानं का मोजावी? ऐकणाऱ्यांनीही वर्षातून एकदा विचारावं, दिवा कुठे कुठे लावला होता?